चित्रातलं कुलूप

सासूने सुनेचं कौतुक करू नये, केलं की सून डोक्यावर बसते, असं माझी थोरली जाऊ म्हणायची. तिच्या दोन्ही सुना तिच्याशी कामापुरतं बोलतात, तेव्हा तिचा सल्ला तिच्यापाशीच राहू दे. मी माझ्या सुनेचं कौतुक करणार आहे आणि पोटभर करणार आहे. ज्याला ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

आमची सून वेबसाइट बनवते. ऑफिस वगैरे काही नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर दोन स्क्रीन, खाली वायरींचा गुंता. पूर्वी तिथे माझं इस्त्रीचं टेबल होतं. ते हलवलं तेव्हा मी चांगली कुरकुर केली होती. आता त्या कोपऱ्याला घरात सगळे 'ऑफिस' म्हणतात, मीसुद्धा. सून तिथे एक पाय खुर्चीवर दुमडून बसते, चहा गार करून पिते, विचार करता करता केसांत पेन्सिल खोचते आणि मग तीच पेन्सिल घरभर शोधते. माझ्या मुलाने तिचं नाव 'उलटतपासणी' ठेवलंय आणि ते काही उगाच नाही. लग्नाआधी घर बघायला आली होती तेव्हा सगळ्यांनी खोल्यांचं, उजेडाचं कौतुक केलं. हिने विचारलं, "या दाराला बाहेरूनही कडी लागते का हो?" मी मनात म्हटलं, मुलगी आहे की फौजदार? पाहुणे गेल्यावर बघितलं, तर लागत होती. कुणीही बाहेरून लावली असती तर आम्ही आत अडकून बसलो असतो. इतकी वर्षं घरातल्या कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

मी स्वतः जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. जुनं एक्स्चेंज, बोर्डाच्या भोकांत दोऱ्या खुपसून लाइन जोडायची. जोडून झालं की समोरची कळ मागे ओढायची, म्हणजे आपण लाइनीच्या बाहेर. कळ ओढली की बोलणाऱ्यांच्या कानात बारीकसं 'टक' वाजायचं. सगळ्यांना ते माहीत होतं. टक होईपर्यंत लोक नुसतं 'काय, कसं काय, बरं आहे' करत राहायचे, आणि टक झालं की मग खरी बोलणी सुरू. मी कळ नेहमी ओढली. ते माझं काम होतं आणि मी ते चोख केलं, बस्स. माझ्या शेजारची मात्र महाबिलंदर. ती कळ ओढायचीच नाही, माइकवर नखाने टिचकी मारायची. पलीकडच्यांना वाटायचं, गेली बाई. बाई कसली जातेय, कान टवकारून बसलेली. संध्याकाळी कुणाचं लग्न मोडलं आणि कुणाच्या पोटात काय दुखतंय, हे सगळं आम्हाला चहाबरोबर मिळायचं.

या सगळ्यामुळे एक झालं. स्वतःची गोष्ट कुणाला सांगायची म्हटलं की माझी दातखीळ बसते. या कानाचं त्या कानाला कसं होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा माझा कायदा.

आणि नेमकी माझीच मूठ उघडायची वेळ आली होती. सांगूनच टाकते. गेलं वर्षभर मला हसलं, शिंकलं, खोकलं की लघवी सुटायची. थोडीच, पण सुटायची. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी हसणं बंद केलं. कुणी विनोद केला की ओठ मिटून पाण्याचा पेला शोधायला आत जायचे. लग्नाकार्याला जाणं बंद, बागेत फिरणं बंद. मुलगा म्हणायचा, "आई हल्ली फार कडक झाली." कडक कसली, ओली झाले होते. पण मुलाला सांगणार काय? आणि सुनेला सांगायचं म्हणजे हजार प्रश्न आले. डॉक्टरकडे जायचं तर तिथे बाहेर बसलेली मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारते, "काय होतंय तुम्हाला?"

अशात सुनेला एका बायकांच्या दवाखान्याचं काम मिळालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या मनात एक चांगली गोष्ट आली होती. ज्या बायकांना तोंडाने सांगता येत नाही त्यांनी वेबसाइटवर लिहावं. नाव नको, गाव नको. लिहून पाठवलं की एक खुणेचा शब्द मिळतो, दोन दिवसांनी तो घालायचा आणि बाईंचं उत्तर वाचायचं. सुनेने जेवताना हे सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. मनात म्हटलं, देवा, हे माझ्यासाठीच केलंस बघ.

सुनेने ते लिहायचं पान फार मन लावून केलं. आपण लिहिलेलं इकडून निघताना त्याचा असा काही गोळामोळा होतो की वाटेत कुणी पकडलं तरी त्याला काही कळू नये, आणि तो गोळा फक्त डॉक्टरीणबाईंच्याच हाती सुटावा. "म्हणजे मलासुद्धा वाचता येणार नाही, आई," ती म्हणाली. "मीच बनवलंय, तरी नाही." हे वाक्य मी मनात जपून ठेवलं.

घोळ झाला तो वेगळाच. दवाखान्याची मूळ वेबसाइट बाईंच्या मेहुण्याने कधीकाळी बनवलेली, जुनाट, उघडी, म्हणजे तिचं येणंजाणं वाटेत कुणालाही बघता यावं अशी. तिला हात लावायचा नाही असा मॅनेजरचा हुकूम. मॅनेजर म्हणजे सदा घाईत असलेला माणूस, फोनवर 'हॅलो'च्या आधी 'झालं का?' म्हणायचा. तेव्हा सुनेने आपलं पक्कं पान त्या उघड्या पानाच्या मधोमध एका चौकटीत बसवलं.

महिना होत आला तरी कुणी काही लिहीना. बायका पान उघडायच्या आणि निघून जायच्या. बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत बघू, नाही तर बंद करू. त्या दिवशी सुनेने मला खुर्चीत बसवलं. "आई, समजा तुम्ही पाहुण्या आहात. हे पान आजच बघताय. लिहाल?"

मी चष्मा लावून बघितलं. पान छानच होतं. पण वर, जिथे पत्ता असतो, तिथे चक्क लिहिलेलं: सुरक्षित नाही.

"मी नाही बाई लिहिणार," मी म्हटलं.

"पण आतलं सुरक्षित आहे ना."

"ते मला कुठे दिसतंय?"

तिने केसांत पेन्सिल खोचली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. ब्राउझर फक्त बाहेरच्या पानाबद्दल बोलतो. चौकटीतल्या पानाचं कुलूप तो दाखवतच नाही." तिने मॅनेजरला स्पीकरवर फोन लावून सांगितलं, बाहेरचं पानही पक्कं करायला हवं, दुसरा इलाज नाही.

मॅनेजरकडे इलाज होता. "मॅडम, कशाला एवढा उपद्व्याप? कुलपाचं एक छानसं चित्र लावा चौकटीवर. हिरवं. खाली लिहा, पूर्ण सुरक्षित. लोकांना धीर येईल."

"चित्र लावणार नाही," सून म्हणाली.

"मग दुसऱ्या कुणाकडून लावून घेऊ."

"घ्या. पण त्या पानाखालचं माझं नाव आधी काढा."

मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. तिचा आवाज चढला नव्हता, पण मान अशी ताठ होती की मला माझ्या नोकरीतले दिवस आठवले. शेंडी तुटो की पारंबी, ही बाई हलायची नाही. खरं सांगते, मला तेव्हा तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. कारण महिनाअखेर जवळ आलेली, आणि तिच्या हट्टापायी ते पान बंद झालं असतं तर माझं काय?

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी स्वतःच चित्र चिकटवलं. दुपारी सून बँकेत गेली होती, मी माझ्या फोनवर पान उघडलं. हिरवंगार कुलूप, चांगलं तळहाताएवढं. बघूनच जीव भांड्यात पडला. वरची ती ओळ तशीच असणार, पण मी वर बघितलंच नाही. मी बसले आणि सगळं लिहून काढलं. कधीपासून होतंय, कशाने होतंय, लाज वाटते, सगळं. लिहिताना रडूही आलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवणार तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मी फोन बंद करून उशीखाली सारला.

सून आल्या आल्या टेबलाशी बसली, चहाही घेतला नाही. बराच वेळ खटखट चालली. मग तिने लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. "आई, हे चित्रवालं पान. यात काहीही लिहा आणि पाठवा. मी स्वयंपाकघरात जाते."

मी लिहिलं: आज भाजीत मीठ फार झालंय. आणि पाठवलं.

आतून आवाज आला, "मीठ तुम्हीच घातलं होतं, आई."

ती फोन हातात घेऊन बाहेर आली. माझं वाक्य त्यावर जसंच्या तसं. तिने सांगितलं ते असं. बाहेरचं पान उघडं येतं, त्यामुळे वाटेत बसलेला कुणीही त्यातली चौकट काढून हुबेहूब तशीच दुसरी बसवू शकतो. आपल्याच घरच्या इंटरनेटवर तिने ते करून बघितलं होतं. "आतलं कपाट कितीही भक्कम असू दे. घराचं दार सताड उघडं असेल तर चोर कपाटच बदलून ठेवेल. आणि वर ते कुलपाचं चित्र राहतंच. चित्राला काय, ते चोराच्या कपाटावरही शोभतं."

मला दुपारचं माझं बोट आठवलं. माझा चेहरा बघून तिने पाणी दिलं आणि विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आमच्या एक्स्चेंजमधली ती बिलंदर आठवली. मग तिला टक आणि नखाच्या टिचकीची सगळी गोष्ट सांगितली. तिने कधी नव्हे ते मधे एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर म्हणाली, "आई, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात येता?"

दवाखान्यातल्या आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई, मॅनेजर, सून आणि मी. मला वाटलं होतं ही आता मॅनेजरची खरडपट्टी काढणार. पण ती काही चुरचुरीत बोलली नाही. बाईंना म्हणाली, "या माझ्या सासूबाई, टेलिफोन ऑपरेटर होत्या. आधी त्यांची गोष्ट ऐका." मी सांगितली. मग सुनेने ते मिठाचं करून दाखवलं, बाईंनी स्वतः टाइप करून बघितलं.

"माझ्या बायका इथे काय काय लिहितील, ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "नवऱ्यालाही न सांगितलेलं. मग त्यांना खरं टक ऐकू येण्यासाठी काय करायचं?"

"दोन गोष्टी," सून म्हणाली. "सगळी वेबसाइट पक्की करायची, म्हणजे ब्राउझर स्वतःच वर कुलूप दाखवेल. ते ना मला रंगवून लावता येतं, ना चोराला. आणि चौकटीच्या खाली एक साधी ओळ द्यायची: हे पान वेगळं उघडून बघा. ज्या बाईला शंका असेल ती चौकट सोडून आतलं पान थेट उघडेल, पत्ता बघेल, कुलूप बघेल, आणि मगच लिहील. आपण सांगतोय म्हणून नाही, तिने बघितलं म्हणून."

मॅनेजर म्हणाला, "मेहुणे रागावतील."

"मेहुण्यांना मी बघते," बाई म्हणाल्या. "आणि ते चित्र काढून टाका."

"काढतो," मॅनेजर म्हणाला. पण म्हणताना त्याचा चेहरा पडला. त्याने ते फार हौसेने निवडलं होतं.

पुढचे दिवस सून त्या जुन्या वेबसाइटीला घोरपडीसारखी चिकटली. मेहुण्यांनी काय काय कुठे कोंबून ठेवलं होतं, देव जाणे. एकेक पान उचलायचं, झटकायचं, नव्या जागी मांडायचं. मी तिच्या हाताशी चहा ठेवत गेले आणि ती गार करत गेली. महिनाअखेरच्या आदल्या दिवशी सगळं झालं. तिने पान उघडलं, आम्ही दोघी वरच्या ओळीकडे डोळे लावून बसलो, आणि तिथे आलं: पूर्णपणे सुरक्षित नाही.

"पूर्णपणे म्हणजे काय?" मी म्हटलं. "लग्न पूर्णपणे झालं नाही, असं असतं का कधी?"

तिला हसूही येईना. म्हणाली, पानावरची एखादी तरी गोष्ट अजून उघड्या वाटेने येतेय, एखादं चित्र वगैरे. एकही असलं तरी ब्राउझर कुलूप देत नाही. तिने सगळी चित्रं तपासली. बाईंचा फोटो, इमारतीचा फोटो, कोपऱ्यातली फुलं. सगळी ठीक. जेवायचं ताट तसंच राहिलं. मी तिला पहिल्यांदाच रडकुंडीला आलेलं बघितलं. माझंही त्यात अडकलं होतं, पण ते मला तिला सांगता येत नव्हतं.

मग ती एकदम थांबली. पान अगदी तळाशी नेलं. तिथे, पत्ता आणि फोन नंबराच्याही खाली, नखाएवढं एक हिरवं काहीतरी होतं. तिने मोठं केलं. कुलूप!

मॅनेजरने ते काढलंच नव्हतं. काढवेना म्हणून बारीक करून तळाशी ठेवून दिलं होतं, आणि ते कुठल्याशा फुकट चित्रांच्या जागेवरून उघड्या वाटेने येत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुलपाच्या चित्रामुळे खरं कुलूप लागत नव्हतं.

सुनेने ते पुसलं आणि पान पुन्हा उघडलं. वर छोटंसं कुलूप आलं. रंग नाही, झगमग नाही. तिने खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, केसांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि तिला म्हटलं, "शाबास. मी इतकी वर्षं बोर्डावर बसले, पण तुझ्याइतकी पक्की कळ ओढणारी मी बघितली नाही." माझ्या तोंडून असलं काही निघत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर टेबलाशी बसली होती आणि मी आत माझ्या खोलीत. मी फोन काढला. पान उघडलं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं: हे पान वेगळं उघडून बघा. चौकट गेली, आतलं पान एकटं समोर आलं. यावेळी मी आधी वर बघितलं. पत्ता वाचला. कुलूप बघितलं. मग सगळं पुन्हा लिहिलं, यावेळी न रडता, आणि पाठवलं. बाहेर तिची खटखट चालूच होती, त्यात जराही खंड पडला नाही.

उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, घाबरू नका, तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांना हे होतं, आणि बहुतेकींना व्यायामाने बरंच बरं वाटतं. व्यायाम कसा करायचा तेही सविस्तर लिहिलं होतं, आणि एकदा येऊन तपासून जा, बाहेर कुणी काही विचारणार नाही, असंही. मी गेले. व्यायाम करते. बायका आता तिथे लिहितात, इतक्या की बाईंनी उत्तरं द्यायला आणखी एक डॉक्टर घेतली.

परवा जेवताना सून मॅनेजरची नक्कल करत होती. त्याचा फोन आला होता, 'हॅलो'च्या आधी 'झालं का?', आणि मग हळूच, ते हिरवं कुलूप माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवलंय, तेवढं तरी चालेल ना मॅडम? मी हसले. ओठ न मिटता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि फक्त डोळ्यांतूनच आलं.

मुलगा घास हातात धरून बघत राहिला. सून म्हणाली, "आई, वर्ष झालं तुम्हाला असं हसताना बघून. काय झालं होतं हो तुम्हाला?"

झाली उलटतपासणी सुरू. मी म्हटलं, "तुझ्या मशीनला विचार."

"मशीन मला सांगत नाही," ती सवयीने बोलून गेली. आणि मग थांबली. माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न आलेला मला स्पष्ट दिसला, ओठांपर्यंत आला, आणि तिथून तो परत गेला.

तिने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"मीठ बघा हो आई, बरोबर आहे का."

मी चाखून बघितलं. मीठ अगदी बरोबर होतं.